बोर्डावरचं 'मोस्ट टेस्टिएस्ट': पुसू की राहू दे?

देवबागकरीण

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आमची देवबागला खाणावळ आहे, वर दोन खोल्या भाड्याने देतो. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही. गणपती झाल्यावर रस्त्याकडेचा बोर्ड नवा रंगवून घेतला. पेंटर अक्षरामागे चाळीस रुपये घेतो आणि इंग्रजी असेल तर आधीच बजावतो, "स्पेलिंग तुम्ही लिहून द्यायचं, नंतर माझ्यावर यायचं नाही." स्पेलिंग ह्यांनी लिहून दिलं. बोर्ड झाला: 'मोस्ट टेस्टिएस्ट फिश थाळी'. सगळी मोठ्या लिपीतली अक्षरं, पिवळ्यावर लाल. लांबून झकास दिसतो.

परवा एक कुटुंब जेवायला आलं. त्यांच्यातल्या कॉलेजातल्या मुलीने बोर्डाचा फोटो काढला आणि बापाला दाखवून खुदकन हसली. जेवण मात्र चाटूनपुसून झालं. तिसऱ्यांदा सोलकढी मागितली, म्हणजे चवीबद्दल तक्रार नव्हती. माझी लेक आठवीत आहे. ती म्हणाली, "आई, दोन चुका आहेत. मोस्ट आणि ई-एस-टी एकत्र येत नाहीत, आणि टेस्टीचा वाय तसाच ठेवलाय."

ह्यांचं म्हणणं असं: "मोस्ट म्हणजे सगळ्यात. टेस्टिएस्ट म्हणजे चविष्ट. सगळ्यात चविष्ट. चूक काय?" मला उत्तर देता आलं नाही. चूक असेल तर का चूक, आणि कमीत कमी खर्चात दुरुस्त कशी करायची, दोन्ही सांगा.

कातळशिल्प

ताई, धागा आवडला. मी रत्नागिरीत इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, ही चूक दर आठवड्याला तपासतो.

तुमच्या मिस्टरांचं गणित एका जागी घसरलंय. चविष्ट म्हणजे टेस्टी. टेस्टिएस्ट म्हणजेच सगळ्यात चविष्ट. त्या शेपटीतला ई-एस-टी हाच 'सगळ्यात'. म्हणजे बोर्डावर 'सगळ्यात सगळ्यात चविष्ट' असं झालं.

पण त्यांना हसू नये. मराठीत विशेषण जागचं हलत नाही. बांगडा ताजा, पापलेट बांगड्यापेक्षा ताजं, सुरमई सगळ्यात ताजी. लिंगाप्रमाणे ताजा-ताजी-ताजं होईल, पण कमीजास्तीची खूण 'ताजा'च्या अंगावर कधी उमटत नाही. ती 'पेक्षा' आणि 'सगळ्यात' वाहतात. त्यामुळे आपल्या डोक्यात 'जास्त' किंवा 'सगळ्यात'साठी एक वेगळा शब्द हवाच असतो. मुलं 'मोअर बेटर' म्हणतात त्याच कारणाने. 'जास्त चांगलं' मधलं 'जास्त' हातातून सुटत नाही.

इंग्रजीत दोन वाटा आहेत आणि एका वेळी एकच धरायची. आखूड शब्दाला मागे ई-आर, ई-एस-टी. लांब शब्दाला पुढे मोअर, मोस्ट. आखूड-लांब अक्षरं मोजून ठरवायचं नाही, टेबलावर टिचकी मारून ठरवायचं. 'टॉल' एका टिचकीत संपतो: टॉलर, टॉलेस्ट. 'ब्यूटिफुल'ला तीन टिचक्या लागतात: मोअर ब्यूटिफुल. दोन टिचक्यांचा आणि शेवटी वाय असलेला शब्द आखडांच्या पंगतीत बसतो: हॅपी, ईझी, हेवी, टेस्टी. फक्त त्या वायचा आय होतो. 'बिग', 'हॉट', 'थिन' यांचं शेवटचं व्यंजन दुप्पट होतं, कारण त्याच्या आधी एकच ऱ्हस्व स्वर आहे. 'क्लीन'चं होत नाही.

तेव्हा लेकीचं बरोबर आहे. मोस्ट पुसा, वायचा आय करा.

चाळीतला_चाकरमानी

मिस्टरांच्या बाजूने एक मुद्दा. आपल्याकडे 'बेस्ट' हा शब्द 'सर्वोत्तम' या अर्थाने उरलाय कुठे? "चहा कसा झालाय?" "बेस्ट." म्हणजे बरा झालाय. मुंबईत तर बेस्ट म्हणजे बस. विजेच्या आणि ट्रामच्या कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन झालेला शब्द, पण लहानपणी मला खरंच वाटायचं की त्या बसला लोक 'सगळ्यात चांगली' म्हणतात. एवढा झिजलेला शब्द असल्यावर खरोखरच सगळ्यात चांगलं सांगायचं तर माणूस 'मोस्ट बेस्ट' म्हणणारच.

रत्नांग्री

धागा थोडा पळवतेय, माफी असावी. माझ्या मुलाने सहामाहीत 'मोअर क्लेव्हर' लिहिलं. बाईंनी लाल शाईने खोडून 'क्लेव्हरर' केलं आणि गुण कापला. शाळेचं नाव घेत नाही. मी गाईड बघितलं तर त्यात 'क्लेव्हरर'च. पण मी मोअर क्लेव्हर कितीदा तरी वाचलंय. कोण बरोबर?

कातळशिल्प

@रत्नांग्री, तुमचा मुलगा बरोबर आणि बाईही बरोबर. चूक फक्त गुण कापण्यात झाली.

दोन टिचक्यांच्या शब्दांत हा असा दलदलीचा भाग आहे. क्लेव्हर, पोलाइट, कॉमन, सिंपल, नॅरो, जेंटल, क्वाएट. यांतल्या बऱ्याच शब्दांना दोन्ही रूपं चालतात. काहींत ई-आर जास्त रुळलंय (सिंपलर, नॅरोअर, क्वाएटर), काहींत मोअर वाढत चाललंय (मोअर कॉमन, मोअर पोलाइट). कानाला काय सोपं जातं यावर बरंच ठरतं. 'क्लेव्हरर' म्हणताना जिभेची गाठ होते, म्हणून बोलणारे मोअर घेतात. गाईडला मात्र तक्त्यात एका खणात एकच उत्तर बसवायचं असतं.

आणि गाईड सांगत नाही अशी एक गंमत. 'बोअर्ड', 'टायर्ड', 'लॉस्ट' हे आखूड शब्द आहेत, पण क्रियापदापासून आलेले, म्हणून त्यांना मोअरच लागतं. 'टायर्डर' हे विनोदातच. उलट 'अनहॅपी'ला तीन टिचक्या, तरी 'अनहॅपिअर' चालतं, कारण 'अन' मोजणीत धरत नाहीत. 'राँग' आणि 'रिअल' एवढेसे, पण तेही मोअर मागतात.

अजून एक, मला स्वतःला फार आवडणारं. एकाच माणसाचे दोन गुण ताडून बघायचे असतील तर शब्द कितीही आखूड असो, मोअर येतो. 'ही इज मोअर लेझी दॅन स्टुपिड.' इथे 'लेझिअर' चालणार नाही. मराठीत आपण म्हणतो ना, "तो मूर्ख नाही रे, मूर्खापेक्षा आळशी जास्त." तेच.

हापूसवेडा_देवगड

उदाहरण घ्या. देवगड हापूस इज स्वीटर दॅन रत्नागिरी हापूस. व्याकरण बरोबर, आशयही बरोबर.

रत्नांग्री

व्याकरण बरोबर. आशयाबद्दल मे महिन्यात बोलू.

हापूसवेडा_देवगड

भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाचही जिल्ह्यांच्या हापूसला मिळून, म्हणून तुम्ही वाचलात.

निवृत्त_मास्तर

आंब्यावरून हाणामारी नको. हा धागा बघून हात शिवशिवले. चौतीस वर्षं राजापूर तालुक्यात इंग्रजी शिकवलं.

'चेंज द डिग्री' हा प्रश्न, म्हणजे साधं (पॉझिटिव्ह), 'पेक्षा'चं (कंपॅरेटिव्ह) आणि 'सगळ्यात'चं (सुपरलेटिव्ह) रूप एकमेकांत बदलायचं, मुलांना सगळ्यात जास्त छळतो. मी कोकण रेल्वेचं उदाहरण द्यायचो. करबुडे इज द लाँगेस्ट टनेल ऑन द कोकण रेल्वे. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळचा. पोरांनी तो पार केलेला असायचा, खिडकीबाहेर काळोख बघत. आता कंपॅरेटिव्ह करा. पोरं लिहायची, 'करबुडे इज लाँगर दॅन एनी टनेल ऑन द कोकण रेल्वे.' मी विचारायचो, "करबुडे कोकण रेल्वेवर आहे की नाही? मग तो स्वतःपेक्षा लांब कसा?" तिथे 'एनी अदर टनेल' हवं. 'अदर' विसरला की वाक्य स्वतःच्याच पायात अडखळतं. मग पॉझिटिव्ह: 'नो अदर टनेल ऑन द कोकण रेल्वे इज ॲज लाँग ॲज करबुडे.' तिन्ही वाक्यांत बोगदा तेवढाच, फक्त उभं राहून बघायची जागा बदलते.

'वन ऑफ द' आलं की अजून गोंधळ. 'वन ऑफ द बेस्ट टीचर' असं निरोप समारंभाच्या मानपत्रात मला स्वतःला मिळालंय, भिंतीवर आहे. तिथे 'टीचर्स' हवं, कारण अनेकांतला एक. त्याचं कंपॅरेटिव्ह 'बेटर दॅन मोस्ट अदर टीचर्स' आणि पॉझिटिव्ह 'व्हेरी फ्यू टीचर्स आर ॲज गुड ॲज'. 'नो अदर' केलंत की तुम्ही त्याला अनेकांतून उचलून एकट्याला गादीवर बसवलंत.

एक इशारा. सुपरलेटिव्ह शिळे होतात. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण धावायला लागली तेव्हा करबुडे भारतातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता आणि मी वर्गात अभिमानाने तसं सांगायचो. २०१३ मध्ये काश्मीरमधला अकरा किलोमीटरचा पीर पंजाल बोगदा सुरू झाला आणि माझं वाक्य 'इज'वरून 'वॉज'वर गेलं.

शून्य_मात्रा

मास्तर, सीनियर-ज्युनियर राहिलं.

निवृत्त_मास्तर

राहिलं खरं. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधले तयार कंपॅरेटिव्ह. इंग्रजीत येताना 'दॅन' मागे टाकून 'टू' घेऊन आले. 'ही इज सीनियर टू मी.' 'मोअर सुपीरियर' तर नकोच. मेजर आणि मायनर हेही मूळचे 'अधिक मोठा' आणि 'अधिक लहान'. बेरीज-वजाबाकीचे प्लस-मायनस म्हणजे लॅटिनमध्ये 'अधिक' आणि 'उणे' हेच कंपॅरेटिव्ह. मॅक्सिमम-मिनिमम हे सुपरलेटिव्ह. म्हणजे आपण 'कमीत कमी मिनिमम पाचशे रुपये' म्हणतो तेव्हा देवबागच्या बोर्डाला लाजवतो.

दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, गणितात पहिले. गंमत म्हणजे त्या वर्षी पहिला क्रमांक दोघांना विभागून होता. 'सीनियर' म्हणजे मूळ अर्थाने 'दुसऱ्यापेक्षा थोरला', आणि इथे दोघेही सीनियर! वर्गात हे सांगितलं की एखादा तरी विचारायचा, "मग ज्युनियर कोण?"

डॉल्फिनदादा

मी तारकर्लीत होडी चालवतो, डॉल्फिन दाखवायला नेतो. व्याकरण आपल्याला येत नाही, पण एक किस्सा लिहितो. बाहेरच्या राज्यातले पाहुणे होते. संध्याकाळी त्यांना सांगितलं, "टुमॉरो कम फास्टर." मला म्हणायचं होतं, साडेसातऐवजी साडेसहाला या, वारा सुटायच्या आत. ते आले साडेसातलाच, पण किनाऱ्यावरून धावत. आजोबासुद्धा धावत. धापा टाकत विचारलं, "इज दिस फास्टर?" काय बोलणार!

कातळशिल्प

@डॉल्फिनदादा, हसून पुरेवाट. पण तुमची चूक फार मोलाची आहे. मराठीत 'लवकर' या एका शब्दात तीन इंग्रजी शब्द राहतात. लवकर ये (अर्ली), लवकर चाल (फास्ट), लवकरच भेटू (सून). तिन्हींचं कंपॅरेटिव्ह आपल्याला 'जरा लवकर'. इंग्रजीत अर्लिअर, फास्टर, सूनर असे तीन वेगळे. तुम्हाला अर्लिअर हवं होतं.

क्रियाविशेषणांचा नियम सोपा. ज्यांच्या शेवटी एल-वाय आहे आणि तो काढला की विशेषण उरतं (स्लोली, क्लिअरली, केअरफुली) त्यांना मोअर-मोस्ट. जी विशेषणासारखीच दिसतात (फास्ट, हार्ड, हाय, लेट) त्यांना ई-आर, ई-एस-टी. 'अर्ली'चा एल-वाय फसवा आहे, तो काढला की विशेषण उरत नाही, म्हणून अर्लिअर. बोलण्यात 'गो स्लोअर' सर्रास चालतं, पेपरात 'मोअर स्लोली' लिहावं. 'वेल'चं बेटर-बेस्ट आणि 'बॅडली'चं वर्स-वर्स्ट, म्हणजे गुड-बॅडचीच भावंडं.

कमी दाखवायला इंग्रजीत शेपूट नाही, 'लेस' पुढे लावायचं. पण 'लेस टॉल' कानाला खटकतं, 'नॉट ॲज टॉल ॲज' बरं वाटतं. आपणही 'कमी उंच' क्वचितच म्हणतो, 'तेवढा उंच नाही' म्हणतो. इथे दोन्ही भाषा एका बाकावर.

घनपाठी_नातू

कोणी 'तारतम्य' या शब्दाकडे बघितलं का? तर आणि तम. लघुतर, लघुतम. संस्कृतातला कंपॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह यांची मोट बांधून हा शब्द झालाय. "जरा तारतम्य ठेव" असं आई ओरडते तेव्हा ती डिग्रीच शिकवत असते.

पण माझा मुद्दा दुसरा. संस्कृतात तर-तम सोडून अजून एक जोडी आहे: ईयस् आणि इष्ठ. कनिष्ठ, ज्येष्ठ, वरिष्ठ, पापिष्ठ, श्रेष्ठ. हा 'इष्ठ' आणि इंग्रजीचा ई-एस-टी हे सख्खे चुलत भाऊ आहेत, एकाच जुन्या मूळ भाषेतून दोघांकडे आलेले. सगळ्यात ठसठशीत पुरावा म्हणजे 'स्वादु'. त्याचं इष्ठ-रूप 'स्वादिष्ठ'. इंग्रजीत 'स्वीट'चं 'स्वीटेस्ट'. स्वादु आणि स्वीट एकच शब्द, इष्ठ आणि एस्ट एकच शेपूट. ग्रीकमध्येही याचं भावंड आहे. म्हणजे वहिनी, तुम्ही थाळीला मराठीत 'स्वादिष्ट' म्हणालात की शब्दशः 'स्वीटेस्ट'च म्हणालात, फक्त आपण ते विसरलो. आता स्वादिष्ट म्हणजे नुसतं चवदार, आणि म्हणून 'सर्वांत स्वादिष्ट' म्हणावं लागतं. श्रेष्ठ म्हणजे मुळातच सर्वोत्तम, तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. चाकरमानी भाऊंनी 'बेस्ट'बद्दल जे लिहिलं तेच इथे झालंय.

आणि हे आपलंच पाप नव्हे. माझे आजोबा गुहागरकडचे भिक्षुक. यजुर्वेदाचा अगदी पहिला मंत्र ते रोज म्हणत: 'इषे त्वोर्जे त्वा...' त्यातच पुढे येतं, 'श्रेष्ठतमाय कर्मणे'. श्रेष्ठ, वर तम! 'मोस्ट बेस्ट' थेट वेदाच्या पहिल्या मंत्रात. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं की हे डबल नाही का झालं. त्यांनी पळीभर पाणी माझ्या हातावर घातलं आणि म्हणाले, "आचमन कर, गप्प बस."

चाळीतला_चाकरमानी

घ्या! मिस्टरांना वेदाचं प्रमाण मिळालं. मग 'बेटर' आणि 'बेहतर' पण भाऊच का?

घनपाठी_नातू

नाहीत. तो निव्वळ योगायोग. फारसीत 'बेह' म्हणजे चांगलं आणि 'तर' म्हणजे आपल्या लघुतरातलाच तर. 'बदतर' तसंच. इंग्रजी 'बेटर' वेगळ्याच मुळावरून आलंय. 'गुड'शीसुद्धा त्याचं नातं नाही. म्हणूनच 'गूडर' होत नाही. आपण 'जातो' म्हणतो आणि 'गेला' म्हणतो, 'जाला' म्हणत नाही, तसं दोन वेगळ्या शब्दांनी एक संसार थाटलाय.

शून्य_मात्रा

मिस्टरांसाठी अजून एक साक्षीदार. शेक्सपियरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनी सीझरचं रक्ताळलेलं वस्त्र दाखवत ब्रूटसच्या घावाबद्दल म्हणतो, 'द मोस्ट अनकाइंडेस्ट कट ऑफ ऑल'. मोस्ट आहे, ई-एस-टी पण आहे. 'हॅम्लेट'मध्ये 'वर्सर'सुद्धा सापडतं. त्या काळात जोर द्यायला हे चालायचं. पुढे अठराव्या शतकात व्याकरणकारांनी भाषेला शिस्त लावायला घेतली. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्र्याने व्याकरण लिहिलं, त्यात दुहेरी रूपं चूक ठरवली. तेव्हापासून मास्तरांच्या हातात लाल पेन.

काही मात्र आधीच आत शिरून बसली होती. 'लेसर' बघा. लेस हाच कंपॅरेटिव्ह, वर पुन्हा ई-आर, तरी आज शुद्ध. 'निअर' हा मुळात 'नाय' या जुन्या शब्दाचा कंपॅरेटिव्ह आणि 'नेक्स्ट' त्याचा सुपरलेटिव्ह. आता 'निअरर' म्हणजे खरं तर 'जवळतरतर'. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेची सुरुवातच 'मोअर परफेक्ट युनियन'ने होते, आणि परफेक्टच्या पुढे अजून काय असतं, यावर लोक आजही वाद घालतात.

निवृत्त_मास्तर

सगळं खरं. पण शेक्सपियरने लिहिलं म्हणून दहावीच्या पेपरात लिहू नये. त्याला परीक्षा द्यायची नव्हती.

सुके_बोंबील

वयनी, तुमी हेंचा ऐकत बसलात तर बोर्ड पुढच्या गणपतीक होतलो. माझा ऐका. इंग्लिश वाचूक कोण थांबता? लोका वासार येतत. 'मोस्ट' पुसून टाका. थय चार अक्षरांचो खड्डो पडतलो, त्येच्यात एक बांगडो काढून घ्या. ह्येच्यापरास सोपा काय?

रत्नांग्री

बांगडो! +१

कातळशिल्प

+१. आणि ताई, वायसाठी नवीन अक्षराचे पैसे देऊ नका. मोठ्या लिपीतल्या वायचे वरचे दोन हात पिवळ्याने पुसले की खाली उभी काठी उरते. तोच आय. थोडा बुटका होईल, तेवढी वर रेघ ओढून घ्या.

कडक मास्तर म्हणतील की सुपरलेटिव्हच्या आधी 'द' पण हवा. बोर्डावर चालतं, दुकानदार 'बेस्ट चहा' लिहितात तसं. मास्तर, चालेल ना?

निवृत्त_मास्तर

बोर्डावर चालेल. निबंधात अर्धा गुण जाईल.

देवबागकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं काही निघेल असं वाटलं नव्हतं. वेदातला मंत्र ह्यांना वाचून दाखवला. तेव्हापासून दोनदा तरी म्हणून झालंय, "मी चुकलोच नव्हतो." लेकीने शांतपणे 'लेसर' आणि 'निअर' वहीत उतरवून घेतले, बाईंना विचारणार आहे म्हणे. बाईंचं काही खरं नाही.

काल पेंटर आला. 'मोस्ट' पुसलं, वायचे हात कापले. पुसण्याचे पैसे अक्षरामागे घेणार का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "पुसायचे नाहीत, माशाचे साठ." त्याला बांगडा दाखवावा म्हणून मी फ्रीजमधला एक बाहेर काढून ताटलीत ठेवला. तो त्याच्याकडे बघत तासभर रंगवत बसला. पाठीवरच्या काळ्या नागमोडी रेघा नीट आल्या, पण चार अक्षरांच्या जागेत मावावा म्हणून त्याने पोट आत घेतलं.

आता सासूबाई ओटीवर बसून बोर्डाकडे बघतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, हो बांगडो की तारलो? आतापर्यंत तारलो पुढे आहे.